तुम्ही विचारलंत म्हणून: सोनिक्स गेल्यावर मी कोणाची?

२०२५ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियानाला सातव्या मॅचमध्ये हरवून एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद घेतलं त्या रात्री माझ्या फोनवर अभिनंदनाचे मेसेज यायला लागले. पुण्याहून, न्यू जर्सीहून, एक तर इथलाच, सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूहून. "तुमचीच टीम ना ही, सिएटलची?" सिएटलची एनबीए टीम म्हणजे सोनिक्स, ती २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेली आणि तिथे तिचं नाव थंडर झालं. गेली सतरा वर्षं हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडातून ऐकतेय, टीम तीच आहे, मालक तेच आहेत, नुसतं गाव बदललं, मग तू त्यांना सपोर्ट का नाही करत, आणि त्यांना नाही तर मग कोणाला? दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटतं की नीट सांगितलंच नाही. तर आज नीट सांगते.

मी १९९४ साली लग्न होऊन सिएटलजवळ रेडमंडला आले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, आणि ऑक्टोबरपासून जो पाऊस लागायचा तो थांबायचं नावच नाही. पण सांगलीला शाळेत मी बास्केटबॉल खेळलेली, डांबरी कोर्टवर, त्यामुळे टीव्हीवर सोनिक्सची मॅच दिसली की निदान काय चाललंय ते कळायचं. बाकी सगळं शिकवलं शेजारच्या आजींनी. त्या १९६७ पासूनच्या, म्हणजे टीम जन्मली तेव्हापासूनच्या. १९७९ साली सोनिक्सने वॉशिंग्टनला हरवून विजेतेपद घेतलं ते त्यांनी बघितलेलं, लेनी विल्केन्स कोच, जॅक सिक्मा, डेनिस जॉन्सन, 'डाउनटाउन' फ्रेड ब्राउन, ही नावं त्या घरातल्या माणसांची सांगावीत तशी सांगायच्या. त्यांच्या खिडकीत हिरवा-पिवळा झेंडा असायचा, ऊन लागून पिवळ्याचा पार पांढरा झालेला.

१९९६ ची फायनल मी त्यांच्या सोफ्यावर बसून बघितली. समोर शिकागो, मायकेल जॉर्डनची टीम, त्या सीझनला ७२ मॅच जिंकून आलेली. आपण ६४ जिंकलेलो, कमी नव्हतो, पण सातमधल्या चार जिंकायच्या असतात आणि आपण पहिल्या तीन मॅच हरलो, मग सगळ्यांनी संपलं म्हणून टाकलं. पण चौथ्या मॅचला आपला गॅरी पेटन जॉर्डनला जाऊन चिकटला, शॉन केम्प रिंगवर अक्षरशः तुटून पडत होता, आणि घरच्या कोर्टवर लागोपाठ दोन मॅच काढल्या. सहावी शिकागोत जाऊन हरलो आणि संपलं. आजी काही बोलल्या नाहीत, त्यांनी माझा हात धरला होता तो बराच वेळ सोडला नाही. परक्या देशात दोन वर्षं झालेली आणि 'आपण हरलो' असं मी पहिल्यांदा म्हटलं. कोणाची टीम म्हणजे काय, याचं माझं उत्तर तिथून सुरू होतं.

टीम गेली कशी तेही सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लोक मॅचला जाईनात म्हणून गेली. तसं नाहीये. २००१ पासून टीम स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झकडे होती. त्यांनी सोनिक्सचं स्टेडियम, 'की अरीना', दुरुस्त करायला सरकारी पैसे मागितले, ते मिळाले नाहीत, आणि २००६ मध्ये क्ले बेनेटच्या ओक्लाहोमा सिटीच्या ग्रुपला ३५ कोटी डॉलरला टीम विकली. सिएटल स्टॉर्म, म्हणजे बायकांची बास्केटबॉल टीम, त्याच सौद्यात गेली. नवीन मालकांना नवीन अरीना पाहिजे होतं, तेही बहुतेक जनतेच्या पैशातून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या लोकांनी ७४ टक्के मतांनी ठरवलं की शहराला परतावा मिळणार नसेल तर खेळाच्या टीमला पैसे द्यायचे नाहीत. मला तेव्हा मताचा अधिकार नव्हता, आणि खरं सांगते, असता तर काय केलं असतं ते अजून ठरवता आलेलं नाही, कारण शाळांना पैसे कमी पडत असताना अरीनाला द्या असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार. शेवटी करार मोडायचे साडेचार कोटी डॉलर शहराला देऊन, अरीनाच्या लीजची दोन वर्षं बाकी असताना, जुलै २००८ मध्ये टीम गेली. एवढं मात्र झालं की सोनिक्स हे नाव आणि ते रंग सिएटलमध्येच राहिले. म्हणजे करार करणाऱ्यांनाही ते वेगळं काढता आलं, खेळाडू आणि कॉन्ट्रॅक्टं एकीकडे, नाव आणि रंग एकीकडे. मी तेच म्हणतेय!

१३ एप्रिल २००८, रविवार, घरची शेवटची मॅच, डॅलसशी. सगळ्यात वरच्या रांगेत मी आणि माझा मुलगा, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. सीझन वाईटच गेलेला, ८२ मधल्या फक्त २० मॅच जिंकलेल्या, पण केव्हिन डुरांट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा आला होता आणि तो काय होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. लोक 'सेव्ह अवर सोनिक्स' ओरडत होते, मुलाचा घसा बसला, आणि आम्ही ९९-९५ जिंकलो. मॅच संपल्यावर कोणी उठेना. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस, चांगला साठीचा, खुर्चीच्या हातावर नुसता हात फिरवत बसला होता, पुढे-मागे, पुढे-मागे, लाकूड गुळगुळीत झालंय का बघतात ना तसा. मुलाने विचारलं, "आई, आपण जिंकलो ना, मग?" मला उत्तर सुचलं नाही, त्याचं जॅकेट लावून दिलं.

त्यानंतर आमच्या ओळखीतलेच लोक चार वाटांनी गेले. आजींनी एनबीए बघणंच सोडलं, अगदी शेवटपर्यंत. झेंडा मात्र काढला नाही. काहींनी पोर्टलंडची टीम धरली, तीन तासांवर आहे म्हणून, आणि ते मला कधीच जमणार नाही, वर्षानुवर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्यासाठी टाळ्या कशा वाजवणार? काही जण थंडरशी जो खेळेल त्याचे. आणि माझा मुलगा डुरांटच्या मागे गेला. २०१२ ला थंडर फायनलला पोचली तेव्हा तो हॉलमध्ये त्यांचा निळा टीशर्ट घालून बसला होता आणि मी स्वयंपाकघरात. वाद नाही घातला. त्याने डुरांटला आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्या वयात खेळाडू म्हणजेच टीम. मायामीने हरवल्यावर तो रडला तेव्हा बाहेर येऊन त्याच्याजवळ बसले.

ओक्लाहोमाच्या लोकांवर माझा राग नाहीये, हे मला मनापासून सांगायचंय. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची टीम दोन सीझन त्यांच्याकडे राहायला होती आणि त्यांनी तिला घरच्यासारखं उचलून धरलं, मोठ्या लीगची स्वतःची एकही टीम नसलेलं गाव ते. तिथे २००८ नंतर जन्मलेल्या पोरांना थंडर ही आपलीच टीम, दुसऱ्या कोणाची वाटायचं कारणच नाही. २०२५ ला रेकॉर्डमध्ये लीगने हे दुसरं विजेतेपद मोजलं, सोनिक्सचं १९७९ चं धरून, पण त्यांच्या अरीनात १९७९ चा बॅनर नाही. पेटनसुद्धा सांगत आलाय की त्याचा वीस नंबर, म्हणजे मानाने छताला टांगतात ती जर्सी, टांगायचा तर सिएटलमध्ये टांगा. बरोबरच आहे दोघांचं. आजींनी माझा हात धरला होता ती रात्र ओक्लाहोमाच्या लोकांनी घेऊन काय करायची?

पण माझी खरी परीक्षा २०१३ ला झाली. जानेवारीत बातमी आली की सिएटलचा एक ग्रुप सॅक्रामेंटो किंग्ज ही कॅलिफोर्नियातली एनबीए टीम विकत घेऊन इथे आणणार. मी आनंदाने अक्षरशः नाचले, मुलाला शाळेतून आणताना गाडीत सगळा वेळ तेच. दोन-तीन आठवडे गेले आणि टीव्हीवर सॅक्रामेंटोचे लोक दिसायला लागले, तेच चेहरे, तेच फलक, फक्त रंग जांभळा. आणि ती टीमसुद्धा १९८५ ला कॅन्सस सिटीहून उचलून आणलेली, म्हणजे तिथेही कोणीतरी खुर्चीवर हात फिरवत बसलं असणार. मे महिन्यात लीगमधल्या टीम्सच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर नाकारलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि त्याच वेळी छातीवरचा दगड उतरला.

तर मग मी कोणाची? मी स्टॉर्मची. जानेवारी २००८ मध्ये, बाकी सगळी बोलणी फिसकटत होती तेव्हा, सिएटलच्या चार बायकांनी एकत्र येऊन बेनेटच्या ग्रुपकडून एक कोटी डॉलरला स्टॉर्म सोडवून घेतली आणि इथेच ठेवली. पुरुषांच्या टीमच्या गोंधळात ही बातमी छोटीशी आली, मला ती आजही सगळ्यात मोठी वाटते. स्टॉर्मने २००४, २०१०, २०१८ आणि २०२० अशी चार विजेतेपदं आणली आहेत, सू बर्ड पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत इथेच खेळली, आता अरीनाबाहेर तिचा पुतळा आहे. 'सिएटलमध्ये आता बास्केटबॉल नाही ना?' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला खरंच लागतं. आहे. कधी गेलंच नव्हतं.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये की अरीना पाडकामाला जायच्या आधी तिथे गोल्डन स्टेट आणि सॅक्रामेंटो या एनबीए टीम्सची सरावाची मॅच झाली. डुरांट तेव्हा गोल्डन स्टेटकडे, आणि तो कोर्टवर आला तो केम्पची जुनी सोनिक्स जर्सी घालून. मुलगा कॉलेजला होता, आम्ही फोनवर एकाच वेळी बघत होतो, दोघंही बोलत नव्हतो. आता त्याच जुन्या छपराखाली नवीन अरीना उभं आहे, आणि नवीन टीम देण्याची चर्चा लीगमध्ये चालू आहे. कोणाची तरी उचलून आणलेली नको, कोरी पाहिजे. मुलाला सांगून ठेवलंय की मिळाली तर पहिल्या मॅचची दोन तिकिटं काढ, वरच्या रांगेतली असली तरी चालतील, आणि आजींचा झेंडा त्यांच्या मुलीने मला दिलाय तो मी घेऊन येईन.