पैसे भरून झाले, पण कार्ड बंद होईना

बँकेकडून ‘आपले क्रेडिट कार्ड बंद करण्यात आले आहे’ असा इमेल आला तो २१ मार्च २०२५ ला. शेवटचा रुपया आम्ही १२ फेब्रुवारीलाच भरला होता. मधल्या पाच आठवड्यांत माझा जेवढा जीव मेटाकुटीला आला, तेवढा आधीच्या सतरा महिन्यांत पै-पै वाचवतानाही आला नव्हता.

आधीचं थोडक्यात सांगते. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी सगळा खर्च कार्डांवर गेला आणि पुढचं वर्षभर आम्ही दोघंही फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत राहिलो. नवऱ्याची दोन कार्डं, माझं एक, मिळून २,८६,००० रुपये. आपापल्या कार्डाचा आकडा आम्ही एकमेकांना खरा सांगत नव्हतो. एका रविवारी तिन्ही स्टेटमेंटं छापून टेबलावर ठेवली तेव्हा कळलं. १,१२,००० च्या कार्डावर महिना ३.७५ टक्के व्याज, म्हणजे ४,२०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. मिनिमम म्हणून आम्ही ५,६०० भरत होतो, त्यातले मुद्दलात जात होते जेमतेम साडेसहाशे. हे नवऱ्याने स्वतः कागदावर मांडलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

माझ्या पाटल्या गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि सगळ्यात मोठं, १,२६,००० चं कार्ड एकदम मोकळं केलं, कारण सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या पाव भागही नव्हतं. मग माझं ४८,००० चं. उरलं ते हे १,१२,००० चं. तिन्ही कार्डं कपाटात गेली, खर्च डेबिट कार्डाने. यातही एक खाचखळगा आहे: जुनी बाकी पुढे ओढत असाल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून ‘थोडं वापरू, थोडं फेडू’ हे करू नका.

जानेवारीत माझी भिशी लागली. १२ तारखेच्या स्टेटमेंटवर ४१,३०० बाकी होती, ती ३० तारखेला पूर्ण भरली. त्या रात्री आम्ही खरंच खूश होतो. १२ फेब्रुवारीला नवीन बिल आलं, १,०८१ रुपयांचं. नवरा चिडला, मला वाटलं बँकेची चूक झाली. चूक नव्हती. स्टेटमेंट निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतच्या अठरा दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी पुढच्या बिलात येतो. त्यामुळे शेवटचा हप्ता भरताना ड्यू डेटची वाट बघू नका, आणि भरायच्या दिवशी फोन करून ‘आज कार्ड बंद करायचं तर एकूण किती?’ असं विचारून घ्या. हे १,०८१ त्याच दिवशी भरून टाकले.

आता मुख्य गोष्ट. १४ फेब्रुवारीला नवऱ्याने कस्टमर केअरला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं. अर्ज घेतला, नंबरही दिला. १८ ला बँकेतून एका मुलीचा फोन. वार्षिक फी कायमची माफ करतो, लिमिट वाढवतो, इतकं जुनं कार्ड कशाला बंद करता? तो ऑफिसात घाईत होता. म्हणाला, “बघू.”

१ मार्चला मी त्याला चौकशी करायला लावली तर उत्तर मिळालं, “ग्राहकाने विनंती मागे घेतली आहे.” त्या एका ‘बघू’वर! घरात भांडण झालं. “अगं, मी हो कुठे म्हणालो?” “अरे, पण नाही तरी कुठे म्हणालास?” राग खरा बँकेवर होता, निघाला एकमेकांवर. असा फोन आला तर स्पष्ट ‘नको, बंदच करा’ म्हणा, आणि शक्य असेल तर फोनवर काहीच बोलू नका, लेखी कळवा.

पुन्हा फोन केला तर नवीन अटी. माझ्याकडे त्याच कार्डाचं ॲड-ऑन कार्ड (त्याच खात्यावरचं माझ्या नावाचं जोडकार्ड) होतं, ते आधी बंद करा. मग कार्डाचे तुकडे करून कुरिअरने पाठवा. मग शाखेत जा. शाखेतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, कार्डाचा विभाग वेगळा आहे, इथे काही होत नाही. अर्धा दिवस रजा टाकून गेले होते मी.

त्या रात्री मी रिझर्व्ह बँकेचे नियम शोधून वाचले. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे तेव्हाचे निर्देश २०२२ चे होते, १ जुलै २०२२ पासून लागू झालेले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: सगळी बाकी भरलेली असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची. नाही केली तर कार्ड बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. विनंती पोस्टानेच पाठवा असा आग्रह धरायचा नाही. हे वाचून मी त्याला झोपेतून उठवलं.

सोमवारी, ३ मार्चला, इमेल गेला. लिहिला मी, पाठवला त्याच्या पत्त्यावरून, कारण मूळ कार्डधारक तो आणि ॲड-ऑनच्या बाकीची जबाबदारीही त्याचीच. शून्य बाकीचा स्क्रीनशॉट, ॲड-ऑनसकट दोन्ही कार्डं बंद करण्याची विनंती, नियमाचा उल्लेख. सात कामकाजाचे दिवस १२ मार्चला संपले. उत्तर नाही. मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्याला, तोच इमेल, खाली एक ओळ जास्त: तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. २१ ला कार्ड बंद झालं. नऊ दिवसांचे ४,५०० रुपये मात्र आपणहून दिले नाहीत, त्यासाठी आणखी दोन इमेल करावे लागले. ते खात्यात जमा झाले तेव्हा मला पगारापेक्षा जास्त आनंद झाला, आणि तो हक्काचा होता.

एक राहिलंच. बंद करण्याआधी कार्डावर लावलेले ऑटो-पे काढून टाका, एखादी दीडशेची वर्गणी वळती झाली की बाकी शून्य राहत नाही. रिवॉर्ड पॉइंटही आधीच वापरून घ्या. आणि फेडणं जड जात असताना ‘सेटलमेंट करा, थोडे कमी भरा’ असा फोन आम्हालाही आला होता. घेतलं नाही ते बरं झालं. तसं केलं तर क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपण कर्जं कशी फेडली याच्या नोंदीत) ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे गृहकर्जाला गेलात की तीच आडवी येते. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिलकडून आणि बाकीच्या तीन कंपन्यांकडूनही. आम्ही एप्रिलअखेर काढला. बाकी शून्य, खातं बंद, तारीखही बरोबर. काही देणं उरलं नाही असं बँकेचं ‘नो ड्यूज’ पत्र मागून घेतलं आणि घराच्या कागदांच्या फायलीत लावलं.

आता घरात एकच कार्ड आहे, माझं. लिमिट कमी करून ४०,००० वर आणलंय, पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावलंय, आणि स्टेटमेंट दोघांच्याही इमेलवर येतं. सोनेतारणाचे अजून चार महिने आहेत. पाटल्या सोडवायला आम्ही दोघं मिळून जाणार आहोत.