बँकेचं घर स्वस्त मिळतं म्हणे

“अमेरिकेत बँका घरं मातीमोलानं विकतात म्हणे. इतकी वर्षं राहून तुम्ही एकही घेतलं नाहीत?” मुलुंडला केळवणाची पंगत उठता उठता मोठ्या काकांनी विचारलं. वीसेक माणसं हात धुवायला उभी होती. मी हसून वेळ मारून नेली, पण जेटलॅगमुळे रात्री झोप नव्हतीच, म्हणून उत्तर इथे लिहितेय. काका काही ब्लॉग वाचत नाहीत. पण त्यांच्यासारखं वाटणारे बरेच वाचक आहेत, त्यांच्या मेल येतच असतात.

काकांच्या डोक्यातलं चित्र २००८चं आहे. सप्टेंबरमध्ये लेहमन ही बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि पुढची काही वर्षं टीव्हीवर कुलपं लागलेली घरं, वाढलेलं गवत आणि दारावरच्या नोटिसा दिसत राहिल्या. बँकांच्या माणसांनी कागद न वाचताच धडाधड सह्या करून लोकांना घराबाहेर काढल्याचं उघड झालं, आणि २०१२ साली पाच मोठ्या बँकांना ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. तेव्हा घरं खरंच स्वस्त होती. ती घ्यायला लागत होती रोकड, आणि आमच्याकडे तेव्हा रोकडही नव्हती आणि ग्रीनकार्डचा भरवसाही. ज्यांच्याकडे होती त्यांनी घेतली, उत्तम केलं. आम्ही बघायला लागलो ते फार नंतर.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनच्या बाजूला. एडिसन म्हणजे भारतीयांचा गड, हे मुलुंड-ठाणेकरांना सांगायला नको. या राज्यात बँकेला कोर्टात गेल्याशिवाय घर ताब्यात घेता येत नाही, त्यामुळे प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. कर्ज थकलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर हे मला योग्य वाटतं. नोकरी गेली म्हणून बायकापोरांना दोन महिन्यांत रस्त्यावर आणू नये. पण तोवर ते घर कोण सांभाळणार? मालकाचं त्यावरून मन उडालेलं असतं, बँकेच्या हातात ते अजून आलेलं नसतं. बघायला मिळालेली घरं सगळी अशीच, मधल्या काळात मरून पडलेली.

एक रस्ता शेरीफच्या, म्हणजे तिथल्या कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लिलावाचा. तिथे घर आतून बघता येत नाही. बोली लागली की साधारणपणे २० टक्के रक्कम तिथल्या तिथे प्रमाणित चेकने भरायची आणि बाकीची महिन्याभरात. लिलावानंतरही दहा दिवस मूळ मालक पैसे भरून घर सोडवू शकतो. नोकरदार माणसाला एवढ्यात कर्ज मिळत नाही, तो रस्ता आम्ही लगेच सोडला.

राहिला दुसरा रस्ता. लिलावात कोणी घेतलं नाही म्हणून बँकेच्याच गळ्यात पडलेलं घर ती पुढे एजंटामार्फत विकते, ते घ्यायचं. असं एक घर आम्हाला मनापासून आवडलं. कोपऱ्यावरचं, मागे मोठं झाड, स्टेशन जवळ. दाराला आकड्यांचं कुलूप, आत पाऊल टाकताच ओला कुबट वास. स्वयंपाकघरातले ओटे, कपाटं, सिंक, सगळं कुणीतरी उपटून नेलेलं. कमोडच्या झाकणावर ‘वापरू नये’ अशी पट्टी आणि भांड्यात गुलाबी द्रव. थंडीत रिकाम्या घरातल्या पाइपांत पाणी राहिलं तर ते गोठून पाइप फोडतं, म्हणून बँकेचा कंत्राटदार सगळं पाणी काढून टाकतो आणि जिथे थोडं उरतं तिथे अँटिफ्रीझ ओततो. इथवर ठीक. शहाणपणाचंच आहे.

खरी गंमत पुढे. घर घेण्याआधी तपासनीस आणायची तिथे पद्धत आहे, आणि त्या पद्धतीचं मी कुठेही उभी राहून कौतुक करेन. आपल्याकडे नळ सोडून बघणारे आणि भिंतीवर टकटक करणारे मामा असतात. तिथे परवाना असलेला माणूस गुडघ्याला पॅड बांधून पोटमाळ्यावर चढतो, तळघरात रांगतो आणि फोटोंसकट अहवाल देतो. आमच्या तपासनिसाने तळघरातली बुरशी दाखवली, छताचं आयुष्य सांगितलं आणि हात वर केले. पाणी बंद, गॅस बंद, वीज बंद. बॉयलर चालतो का, पाइप गळतात का, हे तो सांगणार कसं?

मग पाणी सुरू करून द्या म्हणून विनंती. आमच्या एजंटने बँकेच्या एजंटला लिहिलं, त्याने बँकेच्या मालमत्ता व्यवस्थापकाला. तो कुठल्याशा तिसऱ्याच राज्यात बसलेला, त्याने देखभालीच्या कंपनीला कळवलं. कंपनीने उत्तर दिलं की पाणी फक्त आमचाच प्लंबर सुरू करेल, खर्च तुमचा, तपासणी झाल्यावर पाणी पुन्हा काढून टाकण्याचाही खर्च तुमचा, आणि आधी दाबाची चाचणी. चाचणीत दाब टिकला नाही. म्हणजे पाइप कुठेतरी फुटलेला आहे, म्हणून पाणी सुरू करता येणार नाही. कुठे फुटलाय? ते पाणी सुरू केल्यावर कळेल. बँक दुरुस्त करेल? नाही, घर आहे तसं विकायचंय. हे सगळं अत्यंत नम्र भाषेत, प्रत्येक मेलच्या खाली शुभेच्छा. मुंबईत एव्हाना कुणीतरी कुणावर ओरडलं असतं आणि संध्याकाळपर्यंत प्लंबर आला असता. हे मी अभिमानाने सांगतेय की नाही, मलाच कळत नाही.

त्यात बँकेचं पुरवणीपत्र. न्यू जर्सीत नेहमीच्या करारात वकिलाला कागद तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात, कराराची भाषाही माणसाला कळेल अशी असते. बँकेच्या घराला मात्र तिचं स्वतःचं जाडजूड पुरवणीपत्र जोडलेलं असतं आणि दोन्हींत फरक पडला तर पुरवणीपत्रातलं खरं. आम्ही उशीर केला तर दर दिवसाला दंड, बँकेने केला तर काही नाही. नगरपालिकेचा राहण्यायोग्य असल्याचा दाखला आम्ही मिळवायचा. बँकेच्या सहीचा पत्ता नाही, तोपर्यंत घर बाजारातच. आमच्या वकिलाने वाचून एवढंच म्हटलं, “ते यातला एक शब्दही बदलणार नाहीत.”

आणि कर्ज? स्वयंपाकघर नसलेल्या, पाणी नसलेल्या घराला साधं कर्ज कोण देणार? दुरुस्तीच्या खर्चासकट मिळणारं सरकारी हमीचं कर्ज असतं, पण त्याला वेळ लागतो, आणि बँकेला रोख देणारा आवडतो. थोडक्यात, बँकेचं पडीक घर घ्यायला दुसरी बँक पैसे देत नाही. शेवटी फर्मान आलं: सगळ्यांनी शुक्रवारी पाचच्या आत आपली सर्वात मोठी आणि शेवटची बोली द्यावी. किती जण आहेत, समोरचा किती म्हणतोय, काही कळत नाही. आम्ही लाज वाटेल एवढी बोली दिली आणि ती पुरली नाही. एका रोखवाल्याने घर घेतलं. काही महिन्यांनी तेच घर राखाडी फरशी आणि पांढरं स्वयंपाकघर लेवून पुन्हा बाजारात, किंमत अर्थातच आमच्या ऐपतीबाहेर.

आता आमच्या एजंटबाई. बाई गोड, त्यात वाद नाही. प्रत्येक घरात शिरल्यावर छातीवर हात ठेवून “आय लव्ह धिस फॉर यू” म्हणायच्या. कुबट तळघरातसुद्धा. ऑगस्ट २०२४ पासून तिथे नवा नियम आहे: घर बघायच्या आधी खरेदीदाराने एजंटशी लेखी करार करायचा, त्यात एजंट किती घेणार ते आकड्यात. दलालीच्या पद्धतीवरून खटले झाले, एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला ४१ कोटी ८० लाख डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं, त्यातून हे आलं. आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर सही केली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण दलाली किमतीवर ठरते, आणि बँकेच्या पडक्या घरात किंमत कमी, कटकट चौपट. बाई आम्हाला तयार घरांच्या लिंका पाठवत राहिल्या. बँकेच्या एजंटला फोन करायचं काम दर वेळी ‘उद्या’वर.

एका गोष्टीवर मात्र माझी बोलती बंद झाली. मी सहज विचारलं, या गल्लीत कोणत्या प्रकारचे लोक राहतात? बाईंचं हसू पहिल्यांदाच मावळलं. “ते मी कायद्याने सांगू शकत नाही.” शाळा चांगल्या आहेत का, तर म्हणे राज्याच्या संकेतस्थळावर बघा. १९६८ चा कायदा आहे. वंश, धर्म, मूळ देश पाहून एजंटाने गिऱ्हाइकाला इकडे किंवा तिकडे वळवायचं नाही. त्याआधी काळ्या लोकांना अख्ख्या वस्त्यांत घर मिळू दिलं जात नव्हतं, तेव्हा हा काही देवमाणसांचा देश नव्हे. आजही चोरून चालतंच. पण तोंडावर विचारायची हिंमत होत नाही. आणि इथे? मावसभावासाठी जागा बघायला निघालो तर ब्रोकरचा पहिला प्रश्न, “व्हेज की नॉनव्हेज?” दुसरा, “महाराष्ट्रीयन का?” मुलुंडमध्ये! याच मुलुंडमध्ये २०२३ साली एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, चार दिवस संतापले, झालं. बोंबील खाणाऱ्याला बोंबलांच्या शहरात जागा मिळत नाही, यावर केळवणात कुणी काही बोललं नाही. बोलले ते आमच्या भाड्याच्या घरावर.

मावसभावाचं सांगायचं राहिलं. दादाला भांडुपला बँकेच्या लिलावातला वन बीएचके घ्यायचाय. पेपरमध्ये नोटीस आली, राखीव (म्हणजे किमान) किंमत बाजारापेक्षा कमी दिसली आणि घरात उत्साह संचारला. ‘लिलावाच्या प्रॉपर्टीचे स्पेशालिस्ट’ असा एक एजंट चिकटलाय. त्याच्याबरोबर मीही गेले. दाराला सील असेल असं वाटलं होतं. दार उघडं, बाहेर चपला आणि आतून कुकरच्या शिट्ट्या. एजंट म्हणाला, “ताई, ते निघतील, टेन्शन घेऊ नका.” मी नोटीस वाचली. त्यात ताबा ‘सांकेतिक’ असं स्पष्ट छापलंय. म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवलाय, माणसं आतच आहेत. त्यांना बाहेर काढायला बँकांना थकलेल्या कर्जापायी तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेलेला असेल तर आणखी वेगळं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र खुर्ची दिली, मेंटेनन्सची थकबाकी वहीतून काढून दाखवली, खाली सही-शिक्का देऊन झेरॉक्सही दिली. आणि लिफ्टपर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणाले, “आत म्हातारी आई आहे हो त्यांची.” न्यू जर्सीतल्या त्या कोपऱ्यावरच्या घरात आधी कोण राहत होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं, विचारायला समोर कुणी नव्हतंही.

एक गोष्ट इथली तिथल्यापेक्षा चांगली, काका बरोबर नसले तरी हे कबूल. ऑनलाइन लिलावात समोर कितीची बोली लागलीय ते पडद्यावर दिसतं. शुक्रवारी पाचच्या आत अंधारात बाण मारायचा नाही. पण पैशाचं गणित तिथल्याइतकंच निर्दय. सहसा राखीव किमतीच्या १० टक्के अनामत आधी, बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी अनामत धरून बोलीच्या २५ टक्के पूर्ण, उरलेले ७५ टक्के विक्री पक्की झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तर तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती योग्य ठरवली आहे. वर मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क, वहिनींच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. एजंटने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तो फक्त “बाजारभावापेक्षा किती कमी” एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याची दोन टक्के दलाली मात्र त्या बाजारभावावर लावत होता!

दादाला मी सांगितलंय की अनामत भरायच्या आधी वकिलाकडून घराच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढ, न्यायाधिकरणात प्रकरण चालू आहे का ते बघ, आणि बँकेकडून प्रत्यक्ष ताब्याबद्दल जे म्हणायचंय ते लेखी घे. एजंटला दलालीचा आकडा कागदावर लिहायला लाव. यावर दादा म्हणाला, “तू अमेरिकेत राहून घाबरट झालीस.” असेन. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, कारण न्यू जर्सीचा मालमत्ता कर अख्ख्या अमेरिकेतल्या सर्वात जड करांपैकी आहे, कारण मुलीची शाळा बदलायची नाही, आणि कारण अजून मनासारखं मिळालं नाही. यातलं कोणतं कारण काकांना पटेल ते बघते, लग्नात भेटतीलच. दादाने अनामत भरलेली नाही. वहिनींनी चेकबुक आपल्याकडे घेऊन ठेवलंय.