ब्रुजची मुरलेली बिअर : हाल्व मानमध्ये मेहुण्यासोबत एक दिवस

मागच्या ऑक्टोबरात मेहुणा नाशिकहून आमच्याकडे ब्रसेल्सला आला होता. तो वायनरीत सेलरला असतो, म्हणजे दिवसभर टाक्या आणि ओकच्या बॅरल यांच्यातच वावर. त्याला म्हणलं चॉकलेट आणि कारंजं नंतर बघू, आधी ब्रुजला चल, तिथे हाल्व मान नावाची ब्रुअरी आहे आणि तिच्या टॅव्हर्नमध्ये बसून एकाच घरची बिअर ६ टक्क्यांपासून ११ टक्क्यांपर्यंत चढत्या क्रमाने पिता येते, शेवटची तर लाकडात मुरवलेली. मी याआधी दोनदा गेलो होतो पण दोन्ही वेळा घाईत, आणि चुकीच्या क्रमाने प्यायलो होतो. यावेळी बरंचसं नीट केलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

ब्रसेल्सहून ट्रेनने साधारण एक तास लागतो, मध्ये गेंट लागतं. ब्रुज स्टेशनवरून बस वगैरे काही नको, सरळ चालत निघा, मिनेवॉटरच्या तळ्याकाठून बेगेनहोफमधून आत शिरा. बेगेनहोफ म्हणजे पांढऱ्या भिंतींच्या घरांचं शांत आवार, १२४५ सालचं, आत मोठ्याने बोलायचं नसतं. तिथून पुढे वालप्लाईन नावाच्या छोट्या चौकात ब्रुअरी. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. गाडी घेऊन तर अजिबात जाऊ नका, एक तर गल्ल्या अरुंद आणि दुसरं म्हणजे परत चालवणार कोण.

टूर आधी ऑनलाइन बुक करा, शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. पाऊण तासाची असते. २०० च्या वर पायऱ्या आहेत आणि काही इतक्या उभ्या आणि अरुंद की उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरावं लागतं, तेव्हा गुडघ्याचा त्रास असलेल्या आईवडिलांना टूरला नेऊ नका, त्यांना खाली टॅव्हर्नमध्ये बसवा, तिथे बसायला टूर लागत नाही. वर गच्चीवरून मात्र सगळं ब्रुज दिसतं, लाल कौलं आणि चर्चचे मनोरे. माएस कुटुंब इथे १८५६ पासून बिअर बनवतंय आणि अजूनही शहराच्या मधोमधच बनवतात, फक्त बाटल्या भरायचा कारखाना बाहेर आहे. पूर्वी टँकर या दगडी गल्ल्यांतून जायचे, त्याचा त्रास व्हायला लागला म्हणून २०१६ मध्ये जमिनीखालून तीन किलोमीटरच्या वर पाइपलाइन टाकली, बिअरची. त्यासाठी काही पैसे लोकांकडून उभे केले आणि देणाऱ्यांना बदल्यात बिअर दिली. मेहुण्याने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

टूर संपली की ब्रुग्से झोटचा एक ग्लास तिकिटातच मिळतो. ६ टक्के, न गाळलेली, हलकी, तहान भागवणारी. हा ग्लास म्हणजे सुरुवात समजा. बायको स्ट्रॉंग घेत नाही, तिने स्पोर्टझोट मागवली, ती यांचीच बिनअल्कोहोलची, ०.४ टक्के, आणि चवीला खरंच बिअरसारखी लागते, त्यामुळे ग्रुपमध्ये न पिणारं कोणी असेल तर कोक घेऊन बसायची वेळ येत नाही.

आता आकड्यांचं जरा समजून घ्या कारण आपल्याकडून येणारे इथेच फसतात. आपल्याकडे स्ट्रॉंग बिअर म्हणजे ८ टक्क्यांपर्यंत आणि ती आपण थंडगार करून गटागट पितो. इथला क्वाड्रुपल, थोडक्यात क्वाड, म्हणजे यांची गडद स्ट्रॉंग बिअर, ११ टक्के आहे. ३३० मिलीच्या एका ग्लासात साधारण ३६ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. आपला ६० मिलीचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा धरला तर त्यात येतं जवळपास २६ मिली. म्हणजे एक ग्लास क्वाड म्हणजे दीड लार्जच्या आसपास, आणि चवीला गोडसर असल्यामुळे ते कळतही नाही. त्यामुळे एकेक ग्लास तिघांत वाटून घ्या, इथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. आणि आधी खा. टॅव्हर्नमध्ये स्टोफव्लेस मिळतं, बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं बीफ, खाणाऱ्यांनी ते घ्यावं. आम्ही चीज क्रोकेट आणि मोहरीबरोबर चीजचे तुकडे घेतले. शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं: बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, तेव्हा फ्राइज मागवायच्या आधी कशात तळता हे स्पष्ट विचारा, सांगतात नीट. पाणीसुद्धा फुकट येत नाही, बाटली विकत घ्यावी लागते. घ्याच, प्रत्येक बिअरमागे तेवढंच पाणी.

मग स्ट्राफ हेंड्रिक ट्रिपल, ९ टक्के. स्ट्राफ म्हणजे तगडा, आणि हेंड्रिक म्हणजे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हेन्री नाव. ही १९८१ साली पहिल्यांदा बनवली, ब्रुअर लोकांचा संत आर्नोल्डस याच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी. पुढे १९८८ मध्ये ब्रँडच विकला गेला आणि वीस वर्षांनी, २००८ मध्ये, परत घरी आला. सोनेरी, चांगली कडवट, मागून थोडी मिरी. मेहुण्याला आवडली पण तो म्हणाला दाजी, अजून काही वेगळं वाटत नाहीये.

क्वाड आला तो गडद, जवळपास कोकमाच्या आगळासारखा, वर बदामी फेस. त्याने लगेच उचलला, त्याला थांबवलं. थंड असताना फक्त गोड आणि जड लागतो. दोन्ही हातांत ग्लास धरून बसलो, गप्पा मारल्या, आणि वीस मिनिटांनी परत नाक घातलं तर खजूर, काळ्या मनुका, तव्यावर जरा जास्त झालेल्या भाकरीचा पापुद्रा, आणि घोट घेतला की जिभेच्या कडेला काकवी. तोच ग्लास, फक्त गरम झालेला. अशा गडद, स्ट्रॉंग बिअरचं हे असं आहे, आणि मला वाटतं इथे येऊन नव्वद टक्के लोक ती थंडच संपवून उठतात, फार वाईट वाटतं बघून.

मग वाइल्ड. हा तोच ट्रिपल पण बाटलीत ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट घालून परत आंबवलेला. मेहुण्याने ग्लास नाकाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाला, दाजी, आमच्याकडे हा वास आला की सगळ्यांचं धाबं दणाणतं. वाइनवाल्यांसाठी ब्रेट म्हणजे शत्रू, एका बॅरलला लागला की ती बाजूला काढायची, शेजारच्या तपासायच्या, सगळं धुवून काढायचं, आणि इथे ही माणसं तो मुद्दाम विकत आणून घालतात आणि वर लेबलवर छापतात. मी म्हणलं पी तरी. प्यायला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की तबेल्याचा वास आहे खरा, पण मागे अननसासारखं काहीतरी आहे आणि शेवट एकदम कोरडा, गोडी शिल्लकच नाही, साखर सगळी खाल्लीये त्याने. दुसऱ्या अर्ध्या तासात तोच ग्लास त्याने दोनदा मागून घेतला. वाइल्ड प्रत्येकाला आवडेल असं नाही, पण एक मागवून वाटून घ्याच.

आणि मग ज्यासाठी आलो होतो ती हेरिटेज. क्वाड ओकच्या बॅरलमध्ये जवळपास वर्षभर ठेवतात, ती ही. टॅव्हर्नमध्ये नेहमी असतेच असं नाही, बसल्याबसल्या आधी विचारून घ्या, नसेल तर शेजारच्या दुकानातून बाटली घरी न्या. लाकडात नेमकं काय होतं ते मेहुण्यानेच सांगितलं: ओकच्या फळीतून कणाकणाने हवा आत जाते, अल्कोहोल लाकडातला व्हॅनिला आणि तुरटपणा ओढून घेतं, आणि आधी त्या बॅरलमध्ये जे काही होतं त्याची आठवण पण उतरते. मुरतं, एवढंच. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तसंच. नवा मुरांबा खाल्ला तर आंबा वेगळा आणि पाक वेगळा लागतो, वर्षाने दोन्ही एक झालेलं असतं. क्वाडमध्ये काकवी आणि अल्कोहोल वेगवेगळे कळत होते, हेरिटेजमध्ये ते धागे सुटे करताच येत नव्हते. फेस कमी, बुडबुडे कमी, पहिल्यांदा ओल्या लाकडाचा वास, मग जायफळ, मग किंचित आंबट. तिघांत एक बाटली दीड तास पुरवली. बायकोनेही दोन घोट घेतले, तिला ही सगळ्यात आवडली, क्वाडपेक्षासुद्धा.

क्रम परत सांगतो कारण मी आधी दोनदा उलटा केला होता: झोट, ट्रिपल, वाइल्ड, क्वाड, हेरिटेज. यावेळीही आम्ही क्वाड आधी घेतला आणि वाइल्ड नंतर, तेव्हा गोडावर आंबट आल्यामुळे पहिले काही घोट वाया गेले, हे तुम्ही टाळा. अकराची टूर घ्या म्हणजे दुपार पूर्ण हातात राहते, आणि शक्य असेल तर ब्रुजमध्येच मुक्काम करा. संध्याकाळी दिवसाची गर्दी परत गेली की कालव्याकाठी चालायला फार छान वाटतं, आणि ट्रेनचं टेन्शन राहत नाही. आम्ही परत निघालो ते साडेसातच्या गाडीने, आणि खरं सांगायचं तर घाई झाली.

भारतात नेणार असाल तर कस्टमला माणशी २ लिटर चालतं, म्हणजे ३३० च्या बरोबर सहा बाटल्या, १.९८ लिटर. चेक-इनच्या बॅगेतच टाका, प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग जाड मोज्यात, बॅगेच्या मध्यभागी. घरी पोचल्यावर उभी ठेवा, आडवी नाही, तळाला यीस्ट असतं ते खालीच बसलेलं बरं, ओतताना शेवटचा बोटभर बाटलीतच राहू द्या. उजेड आणि उकाडा दोन्हीपासून लांब. मेहुण्याने त्याच्या सहापैकी दोन क्वाड न उघडता वायनरीच्या सेलरमध्ये ठेवल्यात, बॅरलच्या मागे, तारीख लिहून. एक पुढच्या दिवाळीला उघडायची ठरलीये आणि दुसरी त्यानंतर तीन वर्षांनी. मला दोन्ही वेळी नाशिकला यायला सांगितलंय, तिकिटाचं आत्ताच बघतोय.