घरचीच गोष्ट, लांबून फिरून आलेली

सेमिनार चांगला झाला असं सगळे म्हणायले, आणि मी मात्र दुपारपासून एकाच वाक्यापाशी थांबलीय. 'हार्ट लॅम्प'वर बोलले मी. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा, दीपा भास्तींचा इंग्लिश अनुवाद, २०२५ चं इंटरनॅशनल बुकर, कथासंग्रहाला मिळालेलं पहिलंच, बक्षिसाचे ५० हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका दोघींना निम्मे निम्मे, हे सगळं सांगून झालं आणि शेवटी सर सहज म्हणाले, "तुमच्या घरी कन्नडच बोलतात ना? मग मुळातून का नाही वाचलंत?" एवढंच. आता त्यांच्या लक्षातही नसेल. पुढच्या मुलाचा नंबर आला, मी खाली बसले, आणि तेव्हापासून जीवाला नुसती टोचणी लागलीय.

कारण मला कन्नड वाचायलाच येत नाही. बोलता येतं, भांडता येतं, कधीकधी स्वप्नंसुद्धा कन्नडातच पडतात, पण ती गोल गोल अक्षरं समोर आली की मला त्यातलं काहीच लागत नाही. अप्पा चौथीपर्यंत अक्कलकोट तालुक्यात कन्नड शाळेत होते. विजापूरला जाताना बॉर्डर ओलांडली की बसच्या खिडकीतून ते एकेक पाटी भराभर वाचत जातात, हे किराणा दुकान, ही सोसायटी, आणि मी शेजारी बसून मान हलवते. आम्हाला मराठी शाळेत का घातलं ते मला माहितेय, त्यावर घरात बोलून झालंय, तो विषय आज नको.

पण वाईट वाटतंच. हान कांगची 'द व्हेजिटेरियन' इंग्लिशमधून वाचली तेव्हा कुणी मला विचारलं नाही की कोरियन का येत नाही. काफ्काच्या जर्मनबद्दलही नाही. परक्या भाषेतून आलेल्या पुस्तकाला आपण पाहुण्यासारखं घरात घेतो, काही हिशोब नसतो. इथे तसं होत नाही ना. मी ज्या भाषेत पहिल्यांदा रडले असेन तिच्यातल्या कथा मला इंग्लिशच्या हातून मिळतात, हेच सारखं मनात येतंय. आणि गंमत नाही, खरंच सांगते, वाचताना कागदावर इंग्लिश होतं आणि कानात अज्जीचा आवाज. दीपा भास्तींनी मूळचे कन्नड-उर्दू शब्द तिरक्या टायपात वेगळे काढले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत, म्हणून तर मला वाटलं हे पुस्तक माझ्यासाठीच आहे. मग सरांचा प्रश्न आला.

तसं बघितलं तर हे एकट्या माझं थोडीच आहे. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांमागे अख्खं सोलापूर चालतं, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडात लिहिली, आणि ती मी वाचली कशातून, तर मराठीतून. आपल्या ग्रामदैवताचं बोलणंसुद्धा! असो.

संध्याकाळी घरी आले तर अज्जी सुपात शेंगा फोडत बसलेली, चटणीसाठी. माझं तोंड बघून म्हणाली, काय झालं. मी म्हटलं काही नाही, गोष्ट सांगू का एक. आणि तीच सांगितली, पुस्तकाच्या नावाची. मेहरून माहेरी येते, कडेवर तान्हं बाळ, नवरा दुसरीकडे गुंतलेला, आणि भाऊ तिचं ऐकून न घेता तिला परत नवऱ्याच्याच घरी नेऊन सोडतात. इंग्लिशमध्ये वाचलेलं, नोट्स मराठीत काढलेल्या, आणि आता तोंडातून कन्नड, तेही आमचं सोलापूरचं, निम्मं मराठी मिसळलेलं. मी कुठे थबकले की अज्जी लगेच, "मुंद एनातु?" पुढे काय झालं? भावांच्या जागी ती स्वतःच बोलायला लागली, ते काय म्हणाले असतील ते मी सांगायच्या आधी हिने सांगितलं, आणि पुस्तकात साधारण तसंच आहे. मेहरून अंगावर रॉकेल ओतून घेते तिथपर्यंत आले तेव्हा तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. थोरली मुलगी आईला आडवी येते म्हटल्यावर विचारलं, काय नाव म्हणालीस तिचं. सलमा. "शहाणी पोरगी," म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली.

मला तेव्हा अनुवादिका उमा कुलकर्णी आठवल्या. त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' मराठीत त्यांनीच आणलं, १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यालाच. म्हणजे घरात एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि त्यातून एवढं मोठं काम उभं राहिलं. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, आज कळलं. कानांनी आलेली भाषा काही कमी नसते. लिपी मी शिकणारच आहे, ते वेगळं, पण तोपर्यंत मी बाहेरची आहे असं मानून घ्यायचं काही कारण नाही. आज दुपारभर मानलं, बास झालं.

अप्पांना विचारलं, कन्नड पुस्तक मिळवलं तर रात्री मोठ्याने वाचाल का. म्हणाले चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा लागेल आधी. रविवारी जाणार आहोत.

आणि अज्जीने सांगून ठेवलंय की उद्या नवऱ्याने टाकलेल्या बाईची नको, दुसरी सांग. मग ती अरबी शिकवणाऱ्या मास्तरांची सांगते, ज्यांना गोबी मंचुरीचं वेड असतं. फक्त अज्जीने गोबी मंचुरी कधी खाल्लेली नाही, त्यामुळे उद्या येताना सात रस्ता चौकातून एक प्लेट पार्सल घ्यायची, तिखट कमी सांगून, आणि ती खाता खाता गोष्ट सुरू करायची.