घोडी आधी फिरवून आण

चैत्री पौर्णिमेची गावची यात्रा महिन्यावर आली की करी रोडच्या गावकीच्या खोलीत आमच्या मुंबईकर मंडळाची बैठक बसायची. खोली एक, राहणारे वीस-बावीस. कुणी गिरणीत, कुणी माथाडी, कुणी भाजी मार्केटात. बैठकीला विषय दोनच, वर्गणी आणि तमाशा. तमाशाचं लवकर मिटायचं, कारण आम्ही जुन्नर तालुक्यातले. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागायच्या, तिथे दोघं जायचे, सुपारी देऊन यायचे. मग चहा झाला की कुणीतरी हळूच विचारायचं, “तात्यांची बारी कितव्या दिवशी?” बारी म्हणजे यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत आपला गाडा पळवायची पाळी. रजेचे अर्ज त्यावर ठरायचे.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सातारा-सांगलीकडच्या शर्यती बघितलेल्यांना आमच्याकडची तऱ्हा सांगावी लागते. तिकडे छकड्यावर माणूस असतो. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, गाड्यावर कुणीच बसत नाही. धुरेला म्हणजे गाड्यालगत दोन बैल, त्यांच्यापुढे जुकाटाला दोन, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. बैल पळायचे ते घोडीच्या मागे, चढाला. घोडीवर जो बसतो त्याची पाठ चार खिल्लारांच्या शिंगांकडे. आमच्या घरात ती पाठ तात्यांची होती. वडील खाली जुंपणीला, धाकटे काका वर बैल धरायला. आजोबा गाडामालक, म्हणजे खर्च करायला.

खर्चाचं काकूला विचारा. बैलांना उडीद, बाजरीचं पीठ, अंडी, दूध. घरात चहा कोरा. “पुढच्या जन्मी तुमच्या गोठ्यात जन्माला येईन,” असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. तेव्हा बायका घाटात जायच्या नाहीत. ती सकाळी बैलांना कुंकू लावायची आणि ओसरीवर तांदूळ निवडत भोंग्याकडे कान लावून बसायची. आमच्या गाड्याचं नाव पुकारलं की सूप खाली ठेवायची. बारी संपेपर्यंत सुपाला हात नाही.

मी अकरा वर्षांचा असताना पहिल्यांदा मला खाली जुंपणीपाशी उभं राहू दिलं. तात्यांनी चपला काढल्या. खिशातली चंची, वर्गणीचं पावतीपुस्तक आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली. उपरणं कमरेला आवळलं. घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. ते काय असायचं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मागे बैल फुरफुरत होते, एकेका वेसणीला दोन-दोन माणसं लोंबकळत होती. निशाण पडलं आणि समोर नुसता फुफाटा. “भिर्रर्रर्र…” भोंगा ओरडला आणि वरून सेकंद पुकारले गेले तेव्हा मी किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दात उमटले होते.

वर पोचलो तर मंडळी भंडारा उधळत होती, आणि तात्या हात आडवा करून सगळ्यांना मागे सारत होते. “गुलाल-बिलाल नंतर. घोडी आधी फिरवून आण. तापल्या अंगावर पाणी पाजू नको.” हे वडिलांना उद्देशून. आमचा गाडा सगळ्यांत वेगवान, म्हणजे घाटाचा राजा, ठरला त्या दिवशीही हेच, आणि फळीच्या, म्हणजे शेवटच्या रेषेच्या, अलीकडेच गाडा वाट सोडून फाकला तेव्हाही हेच. एका वर्षी अर्ध्या घाटात घोडीवरून पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात म्हणाले, “घोडी सरळच होती, मी वाकडा बसलो.”

सगळंच काही देवाधर्माचं नव्हतं. शेपट्या चावणारे, खिळे टोचणारे आम्ही डोळ्यांनी बघितलेत. चाबूक आमच्याही गोठ्यात टांगलेला होता, खोटं कशाला बोलू? 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा मंडळातले सगळे हळहळले, पण वडील एवढंच म्हणाले, “आपण पण जरा अतीच केलं होतं.” तात्या दोन दिवस बोलले नाहीत.

त्यानंतरच्या यात्रा झाल्या म्हणायच्या. पालखी निघायची, तमाशा व्हायचा, पण मुंबईकर शनिवारी यायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत. एक बैलजोडी विकली. घोडी मात्र तात्यांनी विकू दिली नाही. तिला रोज संध्याकाळी ओढ्यापर्यंत फिरवून आणायचे. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, तोही उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर नुसतं भिर्रर्र चाललं होतं.

2022 च्या चैत्रात आम्ही तीन बस करून गेलो. घोडी नवी होती, वर चुलतभावाचा पोरगा. चाबूक, काठी काही नाही. वर घड्याळ विजेचं, सेकंदाचे शंभर तुकडे करणारं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या तात्यांना वर मांडवात मानाची खुर्ची ठेवली होती. ते खालीच, जुंपणीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मोतीबिंदूमुळे चढावरचं त्यांना धड दिसत नव्हतं. पोराने चपला काढून चंची नाही, पण मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला.

बारी सुटली. तात्या मान खाली घालून ऐकत राहिले. सेकंद पुकारले गेले, मंडळाची पोरं बोंबलत घाट चढू लागली. मी वाकून त्यांच्या कानात आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकला की नाही कोण जाणे. मांडीवरचा मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले,

“वर जा आधी. लेकाचे तिला पाणी पाजतील.”