तुम्ही विचारलंत म्हणून: आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करावं का?

लॉ कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलं, आणि मुलांपेक्षाही जास्त त्यांचे आईवडील, मला हा प्रश्न विचारतात. थोडं बोलणं झालं की खरी शंका बाहेर येते: "मॅडम, जो कायदा कोणी पाळतच नाही, त्यात दोन वर्षं कशाला घालवायची?"

माझं उत्तर आहे, करावं. मात्र तिथे नेमकं काय शिकवतात हे आधी नीट कळू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची नावं आणि त्यांची कामं पाठ करणं पदवीला असतानाच होऊन जातं. एलएलएमला वेगळंच काम हातात पडतं. एखाद्या सरकारने स्वतःला कशाने, कधी आणि किती बांधून घेतलंय, हे कागदावरून सिद्ध करायचं. वर संसद नाही, गॅझेट नाही. नियम आहे की नाही इथपासूनच वाद सुरू होतो.

मी पहिल्या आठवड्यात पोर्तुगाल विरुद्ध भारत हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 1960 चा निकाल वाचायला देते. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेलीतली पोर्तुगीज सत्ता संपली. त्या लढ्यात महाराष्ट्रातून गेलेली तरुण मंडळी होती, संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच. त्या सुमारास भारताने दमणहून तिथे जाणारी पोर्तुगीजांची वाट बंद केली होती, आणि ती वाट हा आमचा हक्क आहे असं म्हणत पोर्तुगाल हेगला गेला. पुढचं फार थोड्यांना ठाऊक असतं. तो हक्क आला कुठून, हे दाखवायला पोर्तुगालने पुढे केला तो मराठ्यांशी झालेला 1779 चा पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा.

निकालाची पानं समोरासमोर छापलेली आहेत, डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. त्या दोन भाषांच्या मधोमध पेशव्यांचा दरबार आणि बारा हजार रुपये महसुलाची गावं येतात, तेव्हा वर्गातली मुलं सावरून बसतात. न्यायालयाने तहाचं सतरावं कलम तपासलं, सनदा तपासल्या आणि म्हटलं की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिलेलं नाही. पोर्तुगालची बाजू इथेच संपायला हवी होती असं वाटतं ना? ती संपत नाही. पुढे इंग्रजांनी त्या गावांवरचा पोर्तुगीजांचा अंमल मान्य केला, हेही न्यायालयाने धरलं. शिवाय खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होती. तेवढ्या ये-जेला हक्काचं रूप आलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र दर वेळी परवानगी लागायची, म्हणून तिथे हक्क नाही. आणि तणावाच्या काळात भारताने वाट रोखली, तीही वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याच्या आपल्या अधिकारात राहूनच.

वागणुकीतून कायदा कसा तयार होतो, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही. याच खटल्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मी अख्खा तास घेते. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला 14 डिसेंबर 1955 ला. 19 तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून दिलं आणि 22 तारखेला भारतावर दावा ठोकला. भारताने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. पुढे 1974 मध्ये न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने अट घातली की, समोरच्याने ही मान्यता दावा लावण्याच्या किमान बारा महिने आधी दिलेली असली पाहिजे. त्या रुक्ष अटीमागे हे तीन दिवस आहेत, असं मी मुलांना सांगते.

आता "कोणी पाळत नाही" याबद्दल. पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला घ्या. भारत 8 मे 2017 ला हेगला गेला आणि दहा दिवसांत न्यायालयाने फाशी थांबवायला सांगितलं. 17 जुलै 2019 चा निकाल 15 विरुद्ध 1 असा लागला: अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क देण्याचं, 1963 च्या व्हिएन्ना करारातलं बंधन पाकिस्तानने मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. सुटकेचा आदेश मिळाला नाही. जाधव दोषी आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयापुढे येऊच शकत नव्हता, कारण दोन्ही देशांनी स्वीकारलेल्या, त्याच व्हिएन्ना करारासोबतच्या एका जोड-करारातून तो दावा आत आला होता आणि तेवढाच विषय त्यात बसत होता. पाकिस्तानने 2021 मध्ये फेरविचारासाठी कायदा केला. माणूस अजून कोठडीत आहे. तरी फाशी झालेली नाही, आणि या "तरी"ला एका कुटुंबाच्या लेखी काय किंमत असेल याचा विचार मी नेहमी करते.

युक्रेन आणि गाझा यांचं नाव घेऊन लोक मला गप्प करू पाहतात. निकाल पाळला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 94 व्या कलमाने सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, आणि तिथे पाच देशांच्या हाती नकाराधिकार आहे, हे खरंच आहे. मला त्याचा संताप येतो. पण कुठला नियम मोडला गेला हे कलमानिशी मांडणारी माणसं नसतील, तर मोडणाऱ्याला साधा खुलासाही करावा लागणार नाही. ही माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, म्हणून मला मुलं यायला हवी आहेत.

नोकरीचं सांगायचं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी आणि करार विभागात जागा मोजक्या असतात. लवाद, जहाजवाहतूक, आंतरराष्ट्रीय व्यापार यांत काम आहे, पण तिथे करार लिहिता आला पाहिजे. अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. परदेशातला एक वर्षाचा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीशिवाय, घर गहाण ठेवून करू नका, असं मी स्पष्ट सांगते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, ब्रिटनसाठी चेव्हनिंग आहे. त्यांच्या तारखा आधी बघा.

आणि फी भरण्याआधी तो 1960 चा निकाल वाचा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. बहुमताचा निकाल झाला की भारताच्या वतीने नेमलेले न्यायमूर्ती छागला यांचं भिन्नमत उघडा, आणि दोघांपैकी कोणाचं पटलं ते दोन पानांत मराठीत लिहून काढा. त्या पानांसकट मला भेटायला या, मग कुठल्या विद्यापीठात अर्ज करायचा ते बोलू.