लेकीच्या पापणीतली गाठ

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्यावर, भुवईच्या जरा खाली, मसुरीएवढी गाठ आली. ती बारा वर्षांची. सासूबाई म्हणाल्या, रांजणवाडी आहे. त्या बोट तळहातावर घासून शेकायच्या, मी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरायचे. सोलापूरचा मे महिना आणि त्यात शेक, पोर वैतागून जायची. पण गाठ दुखत नव्हती, लाल नव्हती, पू धरत नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

जवळच्या एका डॉक्टरांनी आधी थेंब-मलम दिलं, मग पावसाळ्यात छेद देऊन गाठ फोडली. पू आलाच नाही. ओल्या खडूसारखा पांढरा भुगा आला. तो गॉजला पुसला आणि गॉज डब्यात गेला. असं काही निघालं तर तपासायला पाठवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं, त्यांनीही सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे. दिवाळीपर्यंत गाठ परत आली, आता हरभऱ्याएवढी आणि खड्यासारखी टणक.

मग पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी मशीनच्या आधी बोटं लावली. चिमटीत धरून गाठ हलवली. खाली ती मोकळी सरकत होती, पण वरची कातडी तिच्याबरोबर ओढली जात होती. मग दोन बोटांनी कातडी ताणली, तशी गोल वाटणाऱ्या गाठीला निळसर कोपरे दिसले.

"ताई, रांजणवाडी पापणीच्या कडेच्या किंवा आतल्या तेलाच्या ग्रंथीत होते. ही कातडीतली आहे. केसाच्या मुळातल्या पेशींची गाठ वाटतेय, पायलोमॅट्रिक्सोमा. आत चुना, म्हणजे कॅल्शियम, साठतो म्हणून कडक लागते. पण नक्की काय ते काढून तपासल्यावरच कळेल."

मी एवढंच विचारलं, कॅन्सर आहे का? त्या म्हणाल्या, तसं वाटत नाही, ही गाठ तशी बदलणं फारच दुर्मीळ. मात्र काढायची ती पूर्ण, थोडी जरी राहिली तरी पुन्हा वाढू शकते.

चुना ऐकून सासूबाईंनी पोरीचं दूध बंद केलं. मॅडमनी समजावलं, खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

डिसेंबरात पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. छेद पापणीच्या घडीतच घेतला, म्हणजे व्रण घडीत लपतो. गाठीला चिकटलेली कातडीची बारीक चकतीही काढली. मॅडम बाहेर आल्या त्या फॉर्मलिनची, म्हणजे तपासणीचा तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची, छोटी बाटली घेऊनच. तळाशी पिवळट पांढरा, खडबडीत दाणा. लेबलवरचं लेकीचं नाव आणि 'डावी वरची पापणी' मी दोनदा वाचलं, तेव्हा कुठे बाटली हातातून सोडली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. हे यंत्रमागावर रात्रपाळीला, मी अंथरुणात टक्क जागी. रिपोर्टात निदान तेच होतं. 'घोस्ट सेल्स' म्हणजे केंद्रक गेलेल्या, नुसता आकार उरलेल्या पेशी, हे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. चुन्याचे कण होते, गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती, आणि कडा मोकळ्या होत्या, म्हणजे कडेला गाठीच्या पेशी उरल्या नव्हत्या. 'कडा मोकळ्या' ऐकल्यावर मला तिथंच रडू आलं.

टाके सातव्या दिवशीच निघाले होते. संक्रांतीला ती चष्मा लावून गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या जत्रेला गेली, नंदीध्वज बघून आली. सहा महिन्यांनी परत दाखवायला बोलावलंय. रिपोर्ट तिच्या शाळेच्या फाइलीत लावून ठेवलाय.